ह्यात तू कुठं हाईस

रिक्षा विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबली आणि मला आई दिसली. समुद्राच्या कड्यावर उभी होती. अंगावर मोरपंखी साडी, डोक्यावरून पदर, फोटो काढताना ती करायची तसा जरा रागावल्यासारखा चेहरा. पाठीमागे तो काळपट हिरवा कडा तुटत तुटत धुक्यात गेलेला आणि फार खाली पांढऱ्या फेसाची रेघ. विजेच्या दोन खांबांमध्ये फ्लेक्स ताणून बांधला होता. वारा आत शिरला की तो फुगायचा, आणि फुगला की आई थोडी पुढं यायची. वर मोठ्या अक्षरांत प्रथम स्मृतिदिन. खाली कालकथित मुक्ताबाई, आणि त्याखाली तारीख, २९ मार्च. कोपऱ्यात पाच-सहा पोरांचे गॉगल घातलेले चेहरे, त्यांत माझा भाऊ कुणालही होता. सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ओळखीच्या हुत्या का?" मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, हे मलाच कळलं नाही.

आई दोन एप्रिलला गेली. मंगळवार होता. वर्षभर मी ही तारीख बाळगून आहे, डब्लिनच्या भाड्याच्या खोलीत, प्रयोगशाळेत, बसथांब्यावर, जिथं माझ्या आईचं नाव कुणाला उच्चारता येणार नाही अशा सगळ्या ठिकाणी. आणि तो कड्याचा फोटो माझा आहे. मी काढलेला. ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्टीत वर्गातले आम्ही तिघं तिकडचा पश्चिम किनारा बघायला गेलो होतो, तेव्हा शनिवारी दुपारी काढून मी तो आईला पाठवला होता. तो शनिवार म्हणजे तीस मार्च. हे गणित पहिलीतल्या मुलालाही यावं, पण रिक्षा शंभर फुटी रस्त्याला वळली, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ गेलं, औषधाचं दुकान गेलं, तरी मी ते पुरं केलं नाही. जयराजनं चूक केली असेल, असं मी ठरवलं. जयराज म्हणजे कुणालचा मित्र, त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. कुणालच्या वाढदिवसाला त्यानं एकदा दुसऱ्याच कुणाचं तरी आडनाव छापून चौकात लावलं होतं आणि ते तसंच आठवडाभर लोंबत राहिलं. त्यावर आई म्हणाली होती, "फुकट छापतंय पोरगं, आडनाव बी फुकटातलंच येनार." मला रिक्षात हसू आलं. म्हणजे हसण्याची हालचाल तोंडानं केली आणि मग ती तिथंच राहून गेली.

पुण्याहून येताना बस साताऱ्यापाशी आली तेव्हा मी अजिंक्यताऱ्याकडं बघत होते. किल्ल्याच्या पायथ्याशी गोडोलीत हौसामावशी राहते, आईची धाकटी बहीण. उतरावं असं वाटलं होतं. उतरले नाही, कारण वर्षभरात मावशी माझ्याशी एकदाही बोलली नव्हती. आईच्या जलदान विधीला मी तिकडून व्हिडिओ कॉलवर होते. कुणाल मोबाइल फिरवून एकेकाला दाखवत होता. सगळे काही ना काही बोलले, माझे वडील, आबा, बोलले, शेजारच्या काकू बोलल्या. मावशीनं फक्त पदर तोंडावर धरला आणि मान फिरवली. नंतर मी फोन केले ते तिनं उचलले नाहीत. तिच्या नवऱ्यानं उचलले तर ती शेतावर असायची, नाहीतर अंघोळीला. आई गेल्यावर मावशीनं तरी जवळ घ्यावं, ही अपेक्षा मला फार मोठी वाटत नव्हती. बस पुढं निघाली तेव्हा मी किल्ल्यावरच्या मनोऱ्याकडं पाहत मनात म्हणाले, बरं, तुझी मर्जी. आणि कऱ्हाड येईपर्यंत पाठवलेल्या न पाठवलेल्या सगळ्या संदेशांची मनात उजळणी करत राहिले.

माझ्या मोबाइलमध्ये आईचे तीन आवाज आहेत. त्या सहलीतले. आईला टंकायला जमायचं नाही, जमवायचंही नव्हतं. ती बटण दाबून बोलायची आणि शेवटी "गेलं का रं ह्ये?" असं कुणालला विचारायची, तेही त्यातच येऊन जायचं. पहिला त्या शनिवारचा. कड्यावर इतका वारा होता की माझी मैत्रीण सोनिया, ती कोट्टयमची, माझ्या जाकिटाला मागून धरून उभी होती. कड्याच्या कडेनं दगडी फरशा उभ्या रोवून कुंपण केलेलं, त्याच्या पलीकडं जाऊ नये अशी पाटी, आणि इथून पडून गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक लहानसा दगड. मी फोटो काढला. माणसं सगळी बाजूला जाईपर्यंत थांबून मोकळ्या कड्याचा काढला आणि पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं. वाऱ्यामुळं मोबाइल कानाला चिकटवून, जाकिटाची टोपी वर ओढून ऐकलं. "लय मोठा हाय गं. ह्यात तू कुठं हाईस? तू दिसंनास. वाकून बघू नगंस." दुसरा रविवारचा, गॉलवे शहराच्या गल्लीत. "जेवलीस का? बटाटंच खात्यात व्हय ती मानसं?" तिसरा सोमवारी, आम्ही होडीनं बेटावर गेलो तेव्हाचा. "बेटावर मानसं ऱ्हात्यात का गं? पानी गोडं कुठनं आनत्यात?" त्याचं उत्तर मी दिलं नाही. परतीच्या बसमध्ये निवांत, सविस्तर बोलू असं ठरवलं होतं. बसमध्ये झोप लागली. मंगळवारी पहाटे कुणालचा फोन आला. आई रात्री झोपेतच गेली, म्हणाला. सगळं उरकलंय, उन्हाळ्याचं ठेवता आलं नाही, तू येऊ नको ताई, परीक्षा दे. तो इतका थकलेला होता की मी त्याला उलट काही विचारलं नाही.

त्या तीन संदेशांवर मी वर्ष काढलं. हे सांगताना मला जरा संकोच होतो, कारण दुःखाबद्दलची पुष्कळ पुस्तकं मी वाचली आहेत आणि त्यांत लोक याहून बऱ्याच चांगल्या गोष्टी करतात. मी फक्त ते ऐकत असे. भात शिजताना, ट्रामच्या रांगेत. ह्यात तू कुठं हाईस. कधीकधी तो मला साधा प्रश्न वाटायचा नाही, आणि मग मी स्वतःला बजावायचे की हा साधाच प्रश्न आहे, फोटोत मुलगी दिसली नाही म्हणून आईनं विचारलेला.

दारातच कुणाल भेटला. बॅग घेतली, वजनानं वाकला. "दगडं आनलीस का काय तिकडची?" मी म्हणाले, "चौकात फ्लेक्स बघितला." त्याचा हात बॅगेवरच राहिला. "आत्ताच लावला?" असं त्यानं विचारलं, मला नाही, रस्त्याला. मग खिशातून मोबाइल काढला. जयराज पलीकडून मोठ्यानं बोलत होता, दारात उभ्या असलेल्या मला सगळं ऐकू येत होतं. "आरं उद्या सकाळी म्हनलास, पर उद्या मला लायटिंगचं काम हाय. भारी झालाय का न्हाई? काकूंच्या मोबाइलमधनं फोटो काढलास तवा त्यातच ह्यो डोंगर सापडला. म्हनलं गुलाबाची फुलं सगळेच टाकत्यात." कुणालनं फोन ठेवला. "तारीख चुकलीय त्याची," मी म्हणाले. आत्तासुद्धा त्याला वाट करून देत होते. तो हो म्हणाला असता तर मी आत जाऊन हातपाय धुतले असते, चहा घेतला असता. कार्यक्रम उद्या, शनिवारी, लोकांना सुट्टी सापडते म्हणून ठेवलाय, असं त्यानं मला महिनाभर आधी सांगितलंच होतं आणि मी ते गिळलंही होतं. कुणालनं बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली. "न्हाई चुकली," तो म्हणाला. "ताई, आत तरी ये आधी."

आत आबा खुर्चीत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ते असेच बसतात, कुणीतरी येऊन बोल्ट घट्ट करून जाईल अशा बेतानं. समोरच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि आता त्यांच्या शेजारी, जरा खाली, आई. उद्याच्या वंदनेसाठी पांढरी चादर घालून टेबल मांडलं होतं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग कुणालकडं, आणि त्यांना कळलं. "शुक्रवारी सकाळी," ते म्हणाले. "चहा टाकला आन् खाली बसली. दवाखान्यात न्हेईस्तवर बी न्हाई." एवढंच. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसत राहिले. मी न्हाणीघरात गेले. नळ सोडला, बादली भरायला लावली आणि मोबाइल काढला.

शुक्रवार सकाळ. शुक्रवारी सकाळी आम्ही गॉलवेच्या बसमध्ये होतो, मी सोनियाकडून संत्र्याच्या फोडी घेत होते. आई नव्हती. शनिवारी कड्यावर उभी होते तेव्हा आई नव्हती. मग ते विचारलं कुणी, हे मला त्याच क्षणी कळलं. खरं तर चौकातच कळलं असणार. आमच्या घरात ही जुनी थट्टा होती. आई आणि हौसामावशीचा आवाज फोनवर कुणाला वेगळा काढता यायचा नाही. दोघी कुंडलच्या, एका घरात, एका चुलीपुढं बोलायला शिकलेल्या. आबांनी एकदा मावशीलाच पगारापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून टाकलं होतं, आणि मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेऊन मग विचारलं होतं, "दाजी, ह्ये समदं अक्काला सांगू का तुमी सांगताय?" आई हे सांगताना पोट धरून हसायची. मला मात्र कळायचं. मुलीला कळतंच, असं मी म्हणायचे आणि आई म्हणायची, व्हय, माझ्या पिऊला कळतंय.

त्या तिन्हींच्या वर, जरासं सरकवलं की, गुरुवारचा एक संदेश होता. तो मी वर्षभर ओलांडून खाली येत होते, कारण त्यात विशेष काही नव्हतं आणि तो शेवटचाही नव्हता. आता तो लावला. "स्वेटर घेतलास न्हवं? आन् नुसतं डोंगर-पानी पाठवू नगंस, त्यात तू दिसली पायजेस. बरं ठेवते, कुकर झाला." मागं कुकरची शिट्टी. मग शनिवारचा लावला. मग पुन्हा गुरुवारचा. बादली भरून वाहायला लागली. मी डोळे मिटून एक ऐकायचे आणि दुसरा, मोबाइल उलटा धरून, कोणता लागलाय ते न बघता. एक आईचा होता आणि एक तिच्या बहिणीचा. एक जिवंत बाईचा, आणि दुसरा तिच्या अंत्यविधीनंतरचा. शब्द वेगळे होते, आवाजातला फरक मला कळला नाही. पुन्हा ऐकला. काही कळलं नाही. दुःख होत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरावं, भांड्याकुंड्यांवर हात फिरवावा, सगळं ओळखीचंच वाटावं आणि तरीही उभं कुठं राहावं ते समजू नये, तसं काहीतरी पायांत होत होतं. वर्षभर मी कुणापाशी रडत होते? आणि मला जर कळत नसेल तर आईचा आवाज म्हणून मी जे धरून ठेवलंय ते नक्की काय आहे? बाहेरून कुणाल म्हणाला, "ताई, नळ बंद कर. टाकीत पानी कमी हाय."

मी बाहेर आले आणि विचारलं, "मावशी कधी येणार?" कुणालनं स्वयंपाकघराकडं मान केली. म्हणजे ती इथंच होती. मी साताऱ्यावरून जाताना किल्ल्याकडं बघून जिच्यावर रुसले ती सकाळपासून इथं होती, आणि मी दारात, हॉलमध्ये बोलत होते ते सगळं भिंतीपलीकडं ऐकत होती, आवाज न करता.

मावशी ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पुढ्यात परातीत तांदूळ, उद्याच्या खिरीचे, ती खडे वेचत होती. माझ्याकडं बघून तिनं हात उचलला आणि बस अशी खूण केली. खूणच. मी समोर बसले. किती म्हातारी झाली होती. आईहून सात वर्षांनी लहान, आणि तरी आई पुढं कशी दिसली असती त्याचा अंदाज नको इतका येत होता. मीही तांदळात हात घातला. आम्ही खडे काढत राहिलो. माझ्यात राग होता. तो कुणाकडं न्यावा हे ठरत नव्हतं आणि बोटं आपली पांढरे खडे पांढऱ्या तांदळातून शोधत होती.

"फोन का उचलला नाहीस वर्षभर?" मी विचारलं. तिनं परात जरा पुढं ओढली. "बोल की मावशी."

तिनं ओठांवर जीभ फिरवली. "बोलले असते तर तू वळखलं असतंस," ती म्हणाली.

आईच बोलली. मी तांदळातला हात मागं घेतला.

"बघ," मावशी म्हणाली. "म्हनून." मग हळू आवाजात, जणू आवाज हळू केल्यानं तो बदलेल, ती सांगत गेली. "तुझ्या आबाला आन् कुणालला बोल लावू नगंस. मीच म्हनले. अक्कानं गुरवारी रात्री फोन केलता मला. पिऊ समुद्र बघाय निघालीया, चार दिस सुट्टी हाय, पयल्यांदाच कुठं तरी हिंडाय निघालीया पोरगी, नुसतं पुस्तकात डोकं घालून बसती. लय खूश हुती. सकाळी ह्ये असं. मी आले तवर तिला न्हाऊ घालून ठेवलीती. म्हनलं, इमान गावून तू येनार कवा, आन् बघनार काय. तिनं जे बघ म्हनलंय ते तरी पोरीचं पुरं बघून हुंद्या. मग सांगू. कुणाल न्हाईच म्हनत हुता. मी त्याला गप केला. कुनाला स्टेटस बी ठेवू दिला न्हाई."

"आणि फोन?"

"त्यो वाजाय लागला ना शनवारी. अक्काच्या उशाखालीच ऱ्हायलेला. सगळी बसलेली, आन् ह्यो टिंग टिंग करतोय. कुणाल बंद कराय लागला. म्हनलं बंद केलास तर ती तिकडं घाबरंल, कड्यावर उभी हाय. उघडून बघितला फोटू. आन् मग..." तिनं एक खडा काढून जमिनीवर ठेवला. "मी ठरवून न्हाई बोलले गं. फोटूत तू दिसंनास. मला खरंच भ्या वाटलं. म्हनलं पोरगी गेली कुठं."

"ते तू विचारलंस की आईनं?" मी म्हणाले. प्रश्न वेड्यासारखा होता, पण वर्षभराचं जे काही माझ्याकडं होतं ते त्याच प्रश्नात होतं, आणि ती एका शब्दानं ते काढून घेऊ शकत होती किंवा परत देऊ शकत होती. "वाकून बघू नको, जेवलीस का, ते तुझं की तिचं? गुरुवारी ती तुला काही म्हणाली होती का, पिऊला असं सांग म्हणून?"

हो म्हणणं तिला सोपं होतं. मला दिसत होतं की तिला ते सुचलंही आहे. तिचं तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं, आणि म्हणाली, "न्हाई. तसं काय ती म्हनली न्हाई. एकदा खोटं बोलले तेवढं पुरं." आणि तांदळावरून हात फिरवत, "पर माझं म्हनशील तर माझं तरी काय हाय त्यात. ती जशी बोलायची तशीच मी बोलती. ल्हानपनी आमची आय शेतात जायची, मला बोलाय तिनंच शिकवलं. तिचं कुठलं आन् माझं कुठलं, मला न्हाई सांगता येत. तुला येतंय का?"

मला येत नव्हतं. न्हाणीघरात मी तेच करून आले होते.

बाहेर कुणाल कुणाशी तरी खुर्च्यांबद्दल बोलत होता, पन्नास लागतील की साठ. फ्लेक्स उतरवायला सांगू का, असं त्यानं आत डोकावून विचारलं आणि मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या मोकळ्या कड्याचा विचार करत होते. माणसं बाजूला जाईपर्यंत मी थांबले होते, गार वाऱ्यात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कारण मला तो कुणीही नसलेला हवा होता. आता त्यात आई उभी होती, रागावल्यासारखी, जिला मी तो पाठवला तेव्हा ती नव्हती आणि जिनं तो पाहिला नाही. "राहू दे," मी म्हणाले. कुणाल गेला.

परातीतले तांदूळ संपत आले होते. मला उठायचं होतं. कुठं तरी चालत जायचं होतं, कृष्णेच्या घाटापर्यंत किंवा नुसतं मिरजेच्या रस्त्यानं, हे सगळं पायांतून निघून जाईपर्यंत. मी गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा मावशी म्हणाली, "आन् त्या बेटाचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"मी इचारलं हुतं की. मानसं ऱ्हात्यात का त्येच्यावर, पानी गोडं कुठनं आनत्यात. तू काय बोललीच न्हाईस. मंगळवारी तुला सांगितलं आन् फोटू यायचं बी बंद झालं." ती परात हलवून तांदूळ एका बाजूला करत होती, माझ्याकडं न बघता. "अक्काचा मोबाइल माझ्याकडंच हाय, फ्लेक्साच्या फोटूपुरता कुणालला दिलता. अधनंमधनं लावून बघते. त्यो होडीतला फोटू शेवटचा. म्होरं काय न्हाई."

ती खरंच विचारत होती. कुणाच्या वतीनं नाही. गोडोलीत, किल्ल्याच्या सावलीत, ही बाई वर्षभर एका होडीतल्या फोटोपाशी थांबली होती.

मी परत बसले. सांगायला लागले, आधी तुटक, मग जरा नीट. की राहतात माणसं. थोडी आहेत. जमीन अशी नाहीच, सगळा खडक, मग त्यांनी दगड वेचून वेचून बांध घातले, हातभर हातभर तुकड्यांना, आणि समुद्रातलं शेवाळ आणि वाळू वाहून आणून खडकावर माती केली. मेंढरं आहेत, गाई आहेत. पाणी पावसाचं साठवतात. मी सायकलवरून पडले होते तिथं, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"माती केली?" मावशी म्हणाली. "खडकावर? कवा केली? किती वर्सं लागली त्यास्नी?"

आवाज आईचाच होता. तीच ओढ, शेवटच्या शब्दावर तोच चढ, समोर वितभर अंतरावर. डोळे मिटले असते तर आई परातीपलीकडं बसलेली असती आणि मी सुट्टीहून परत येऊन तिला सांगत असते. पापण्या तेवढ्यासाठी जड झाल्या होत्या. "आन् तू पडलीस कशी?" आवाजानं विचारलं, आणि मी डोळे उघडे ठेवून, त्या आवाजावर हलणाऱ्या मावशीच्या ओठांकडं, तिच्या पडलेल्या दाताकडं बघत राहिले.